विकलेला माल परत घेणारा व्यापारी : जॉन वानामेकर

तालुक्याच्या गांवीं जाऊन लेकीसाठीं साडी घ्यावी, घरीं येऊन घडी मोडावी आणि आंत हातभर जागा विरलेली दिसावी, असा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांवर आला असेल. ती साडी घेऊन माणूस परत जातो, तों दुकानदार भिंतीवरील पाटीकडे बोट दाखवितो. एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं, असें तीवर लिहिलेलें असतें. उलटपक्षीं, लग्नांत दोन दिवस मिरवलेली साडी पुन्हां घडी घालून, ती आवडली नाहीं असें सांगून दुकानदाराच्या गळ्यांत बांधणारीं माणसेंही आम्हांस ठाऊक आहेत; आणि तीं सगळीं मंडळीबाहेरचीं आहेत असें म्हणतां येत नाहीं.

ह्या दोन्ही गोष्टींचा विचार करतांना अमेरिकेंतील जॉन वानामेकर ह्या प्रसिद्ध व्यापाऱ्याचें चरित्र उपयोगीं पडतें. विकलेला माल परत घेण्याचा नियम त्यांनीं आपल्या दुकानांत उघडपणें चालविला, व त्या नियमावर फार मोठा व्यापार उभारिला. त्यांच्या आयुष्याची हकीगत आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

वानामेकर यांचा जन्म ता. ११ जुलै १८३८ रोजीं फिलाडेल्फिया शहराच्या सीमेवरील एका वस्तींत झाला. आजा व बाप दोघेही विटा पाडण्याचा धंदा करीत. शाळेच्या वेळेखेरीज लहानगा जॉन बापाच्या कामावर जाई, आणि उन्हांत मांडलेल्या कच्च्या विटा दोहों बाजूंनीं सारख्या वाळाव्या म्हणून एक एक उलटून ठेवीत असे. घरची स्थिति बेताची असल्यामुळें त्याचें शाळेंतील शिक्षण लवकरच आटोपलें. अकरा वर्षांच्या सुमारास त्यानें आपल्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकापासून तांबड्या चामड्याच्या बांधणीचें एक लहानसें पवित्र शास्त्र विकत घेतलें. किंमत पावणेतीन डॉलर. एवढी रक्कम विटा उलटणाऱ्या पोराजवळ एकदम कोठून असणार! ती त्यानें थोडी थोडी करून फेडली. पुढें मोठमोठ्या इमारती व जमिनी विकत घेतल्यावरही, आपल्या जन्मांतील सर्वांत मोठी खरेदी ती होय, असें ते सांगत असत.

त्यांच्या बालपणाची दुसरीही एक गोष्ट सांगतात. नाताळांत आईस भेट द्यावी म्हणून जॉननें एका दागिन्यांच्या दुकानांतून एक वस्तु निवडली व पैसे मोजले. दुकानदार ती बांधीत असतां मुलाची नजर दुसऱ्या वस्तूवर गेली, आणि पहिलीच्या ऐवजीं ती द्यावी अशी त्यानें विनंती केली. दुकानदारानें साफ नाकारिलें. पैसे पदरांत पडले होते, त्याच्या हिशोबीं व्यवहार संपला होता. मूल हिरमुसलें होऊन घरीं गेलें; परंतु आपण कधीं दुकान काढिलें तर गिऱ्हाइकावर असा प्रसंग येऊं द्यावयाचा नाहीं, असें त्याच्या मनानें घेतलें.

कांहीं वर्षें दुकानांतून पोऱ्याचें व विक्रेत्याचें काम केल्यावर, विसावें वर्ष लागण्याच्या सुमारास, ते फिलाडेल्फिया येथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे पगारी चिटणीस झाले. १८५८ च्या फेब्रुवारींत शहराच्या एका दांडग्या वस्तींत शब्बाथ शाळा काढावयास ते गेले, तेव्हां तेथील गुंडांनीं त्यांस हुसकून लाविलें. पुढच्याच रविवारीं ते पुन्हां गेले. जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरीं २७ मुलें जमलीं. हीच पुढें नांवारूपास आलेली बेथानी शब्बाथ शाळा होय. पुढें तींत हजारों माणसें येऊं लागलीं. वानामेकर कितीही श्रीमंत झाले तरी ह्या शाळेचें अधीक्षकपण त्यांनीं अखेरपर्यंत सोडिलें नाहीं.

ता. ८ एप्रिल १८६१ रोजीं त्यांनीं आपले मेहुणे नेथन ब्राउन यांच्याशीं भागी करून पुरुषांच्या तयार कपड्यांचें दुकान उघडिलें. त्याचें नांव ओक हॉल. चारच दिवसांनीं अमेरिकेंत यादवी युद्धास तोंड लागलें, त्यामुळें हें दुकान टिकेल असें पुष्कळांस वाटलें नाहीं. पहिल्या दिवसाची विक्री २४ डॉलर ६७ सेंट झाली. त्यांपैकीं २४ डॉलर जाहिरातीस घातले आणि ६७ सेंट मोडीसाठीं गल्ल्यांत ठेविले, असें सांगतात.

त्या काळचा व्यापार कसा चाले, हें आमच्या वाचकांस फोडून सांगण्याचें कारण नाहीं. कारण तो आपल्या बाजारासारखाच चाले. मालावर किंमत लिहिलेली असे, पण ती सांकेतिक खुणांनीं. ती विक्रेत्यास कळे, गिऱ्हाइकास नव्हे. जो घासाघीस करण्यांत तरबेज त्यास स्वस्त, जो भोळा किंवा परगांवचा त्यास महाग. माल पारखून घेणें ही घेणाऱ्याची जबाबदारी, आणि माल दुकानाच्या उंबऱ्याबाहेर गेला कीं दुकानदाराचा संबंध तुटला, अशी सर्वत्र समजूत होती. अशा व्यवहारांत विक्रेत्यानें खरें बोलण्याचें कांहीं कारणच उरत नसे. सुती कापड लोकरीचें म्हणून खपविलें, तर नफा त्याचा. पश्चात्ताप मात्र दुसऱ्याचा.

वानामेकर यांनीं ही रीति मोडिली. प्रत्येक वस्तूची किंमत सर्वांस वाचतां येईल अशी लिहावी व ती सर्वांस एकच असावी. व्यवहार रोखीचा असावा. माल जसा सांगितला तसाच असल्याची हमी द्यावी. आणि गिऱ्हाइकाचें समाधान न झाल्यास पैसे परत करावे, असे त्यांचे चार नियम होते. पैसे परत करण्याचें वचन त्यांनीं १८६५ सालीं जाहीर केलें. कपडा अंगास बसला नाहीं, रंग मनाजोगा नाहीं, घरच्या माणसांस तो आवडला नाहीं, यांपैकीं कोणतेंही कारण चाले. परंतु दोन अटी होत्या : माल १० दिवसांच्या आंत परत यावा, आणि तो विकत नेला तेव्हां जसा होता तसाच असावा. ह्या दोन अटी आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. त्यांच्यावांचून तें वचन एक दिवसही टिकलें नसतें.

हे सर्व नियम वानामेकर यांनींच प्रथम काढिले असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. इंग्लंडांतील क्वेकर पंथाचे व्यापारी त्यांच्या दोनशें वर्षें अगोदरपासून एकच भाव सांगत आले होते. न्यू यॉर्कचे स्टुअर्ट नांवाचे व्यापारीही एकाच भावानें विकीत. पॅरिस शहरांतील बाँ मार्शे ह्या दुकानांत माल परत घेण्याची चाल वानामेकर यांच्या आधींची आहे. वानामेकर यांनीं हे नियम एकत्र केले, ते मोठ्या अक्षरांत छापिले, आणि छापिल्याप्रमाणें ते पाळिले. वचन छापणारे पुष्कळ असतात; पाळणारे थोडे.

शेजारचे दुकानदार हंसले. लोक कपडे नेतील, वापरतील, आणून टाकतील, आणि हा तरुण वर्षाच्या आंत दिवाळें काढील, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकला. त्याचें कारण असें कीं, ह्या नियमानें पहिला धाक विक्रेत्यालाच बसला. खोटें सांगून विकलेला कोट चार दिवसांत त्याच मेजावर परत येणार, व तो कोणीं कसा विकला हें मालकास कळणार. मग खोटें बोलण्यांत लाभ काय राहिला? कोणत्या गिरणीच्या कापडाचा रंग जातो, कोणत्या शिंप्याची शिवण उसवते, हेंही परत आलेला माल न बोलतां सांगूं लागला. आणि मालक पुढच्या वेळीं तसला माल घेईनासा झाला. भोळ्या गिऱ्हाइकास तर ही मोठीच सोय झाली. कापड पारखण्याची अक्कल नसली तरी आपण फसणार नाहीं, असा भरंवसा त्यास आला. दुकानांत लहान मूल पाठविलें तरी चाले.

१८६८ सालीं नेथन ब्राउन वारले. तथापि व्यापार वाढतच गेला. १८७५ सालीं वानामेकर यांनीं रेल्वेची एक जुनी मालधक्क्याची प्रचंड इमारत विकत घेतली. तेथें दुकान मांडण्यापूर्वीं ती त्यांनीं मूडी व सँकी ह्या प्रसिद्ध सुवार्तिकांस सभांसाठीं वापरावयास दिली. त्या हिवाळ्यांतील सभा आटोपल्यावर, १८७६ च्या मे महिन्यांत तेथें दुकान सुरू झालें. पुढील वर्षीं कपड्यांबरोबर दुसऱ्या नाना प्रकारच्या वस्तूही तेथें मिळूं लागल्या. रविवारीं मात्र दुकान बंद असे.

आतां ज्या प्रश्नाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं त्याकडे वळूं. परत आलेल्या मालाचें दुकानदार काय करतो? तो फेंकून तर देत नाहीं. तो पुन्हां विकला जातो. म्हणून माल परत करण्याच्या व्यवहारांत दोघेच नसतात. विकणारा एक, परत करणारा दुसरा, आणि तीच वस्तु उद्यां विकत घेणारें तिसरें एक गिऱ्हाईक. हें तिसरें माणूस समोर उभें नसतें. त्याचें नांव कोणास ठाऊक नसतें. पहिल्या दोघांचें समाधान झालें म्हणजे सर्व ठीक झालें, असें वाटतें. पण त्या समाधानाची किंमत पुष्कळदां तिसऱ्याच्या खिशांतून जाते.

जी वस्तु न वापरतां, जशीच्या तशी परत आली, ती पुन्हां नवीन म्हणून विकण्यांत कांहीं दोष नाहीं. ती खरोखरच नवीन आहे. वानामेकर यांच्या दुसऱ्या अटीचें मर्म हेंच. पण घडी मोडून मळलेली, किंवा थोडी वापरलेली वस्तु इस्त्री करून नव्या गठ्ठ्यांत सरकविली तर ती चोरी होय. तिची किंमत कमी केली पाहिजे, आणि ती कां कमी केली हें सांगितलें पाहिजे. ज्या वस्तूंत मुळांतच खोट निघाली ती बनविणाऱ्याकडे परत गेली पाहिजे. अंगाशीं लागणाऱ्या कांहीं वस्तु अशा असतात कीं त्या एकदां वापरल्या कीं दुसऱ्यास देणेंच योग्य नव्हे. तेथें दुकानदारानें तोटा सोसावा.

उण्या मालाविषयीं खरें सांगितल्यास तो खपणारच नाहीं, असें पुष्कळ व्यापारी समजतात. ह्यावर वानामेकर यांच्या दुकानची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. १८८० पासून कांहीं वर्षें पॉवर्स नांवाचे गृहस्थ त्यांच्या जाहिराती लिहीत असत. जें आहे तेंच लिहावयाचें, असा त्यांचा बाणा होता. एकदां एका खात्याच्या प्रमुखानें त्यांस सांगितलें कीं पावसांत वापरण्याचे हलके झगे पडून पडून खराब झाले आहेत, ते कसेही काढून टाकावयाचे आहेत. पॉवर्स यांनीं तेंच शब्दशः वर्तमानपत्रांत छापून टाकिलें. प्रमुख रागानें लाल होऊन धांवत आला. परंतु दुपारच्या आंत सर्व झगे विकले गेले होते. माल उणा आहे हें घेणाऱ्यांस ठाऊक होतें, आणि किंमत त्या मानानें होती. कोणीही फसला नाहीं. खोट उघड केली म्हणजे ती फसवणूक राहत नाहीं, एवढाच ह्या गोष्टीचा बोध.

हा झाला विकणाऱ्याचा धर्म. परत करणाऱ्याचाही एक धर्म आहे, व तो पाळण्यांत अमेरिकेंतील लोक कमी पडूं लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील मोठ्या दुकानांचे मालक तक्रार करूं लागले कीं कित्येक स्त्रिया मेजवानीसाठीं उंची झगा नेतात, रात्रभर मिरवतात आणि सकाळीं परत पाठवितात. कित्येक जण चार वस्तु घरीं मागवीत व चारही परत करीत. नेण्याआणण्याचा खर्च, बांधण्यासोडण्याची मजुरी, आणि मधल्या काळांत हंगाम टळल्यानें झालेलें नुकसान, हें सर्व दुकानदार कोठून भरून काढणार? तो तें सर्व मालाच्या किंमतींत मिळवितो. म्हणजे जी बाई एकच झगा विचार करून घेते, ती दुसरीच्या मिरवण्याचे पैसे भरते. पहिल्या महायुद्धाच्या काळीं, १९१७-१८ सालीं, माणसें व गाड्या वांचविण्यासाठीं तेथील सरकारच्या एका मंडळास दुकानदारांना सांगावें लागलें कीं माल परत घेण्याची मुदत तीन दिवसांवर आणावी. सवलतीचा दुरुपयोग झाला म्हणजे ती प्रामाणिकांचीही कमी होते.

वानामेकर यांच्या आयुष्यांतील इतर गोष्टी आम्ही थोडक्यांत सांगतों. १८८९ ते १८९३ पर्यंत ते अमेरिकेच्या टपाल खात्याचे मंत्री होते. खेड्यांतील लोकांस टपाल घरपोंच मिळावें व टपालानें पार्सलें जावीं, यासाठीं त्यांनीं खटपट केली. तीं कामें त्यांच्या पश्चात् पदरांत पडलीं, आणि सरकारी पार्सल टपाल १९१३ सालीं सुरू झालें. त्यामुळें दूरच्या शेतकऱ्यालाही माल मागवितां व परत पाठवितां येऊं लागला. मद्रास येथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची इमारत त्यांच्याच देणगीनें उभी राहिली. हा त्यांचा आपल्या देशाशीं संबंध.

त्यांस दोष लावणारेही होते, व तें लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. १८८८ च्या निवडणुकींत त्यांनीं आपल्या पक्षासाठीं मोठा निधि जमविला होता, म्हणून मंत्रिपद त्यांस पैशाच्या बळावर मिळालें असें विरोधक म्हणत. त्यांच्या कारकीर्दींत विरुद्ध पक्षाच्या पुष्कळ पोस्टमास्तरांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्या अवाढव्य दुकानामुळें लहान दुकानदारांचें पोट मारलें जातें, ही तक्रारही होती. आम्ही त्यांस साधु म्हणून पुढें करीत नाहीं. एका गोष्टींत त्यांनीं दिलेलें वचन पाळिलें, आणि ती गोष्ट लहान नव्हती, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

१९११ सालच्या डिसेंबरांत त्यांच्या नव्या भव्य इमारतीचें अर्पण अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्ते झालें. ता. १२ डिसेंबर १९२२ रोजीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, वानामेकर निवर्तले. त्यांच्या वंशजांनीं १९७८ सालीं तो व्यापार विकून टाकिला, व १९९५ सालीं दुकानांवरून त्यांचें नांव उतरलें. फिलाडेल्फियाच्या त्या इमारतींत पुढें दुसऱ्यांचीं दुकानें आलीं. त्यांतील शेवटचें मोठें दुकान २०२५ च्या मार्चांत बंद झालें. नियम मात्र जगभर पसरला. आज आपल्या खेड्यांतूनही तरुण मंडळी मोबाईलवरून जोडे व कपडे मागवितात, आणि न आवडल्यास परत करतात. दूरच्या वखारींत परत आलेल्या मालाचे ढीग पडतात. त्यांतील कांहीं नवा म्हणून, कांहीं उणा म्हणून विकला जातो, आणि कांहीं नष्टही केला जातो. तिसरें गिऱ्हाईक पूर्वीं दिसत नव्हतें. आतां तर तें शेंकडों कोसांवर असतें.

आपल्या देशाचा कायदाही ह्या बाबतींत बोलतो, व तो शिक्षकांनीं मंडळीस समजावून द्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याप्रमाणें, सदोष माल परत घेऊन बिलांत लिहिलेल्या मुदतींत, आणि मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत देण्याचें नाकारणें हा अनुचित व्यापार ठरतो. म्हणून माल सदोष असल्यास भिंतीवरची पाटी दाखवून दुकानदार सुटत नाहीं; मात्र आपण बिल मागून घेतलें पाहिजे. जुना किंवा डागडुजी केलेला माल नवा म्हणून खपविणें हाही त्याच कायद्याप्रमाणें अनुचित व्यापार आहे. निर्दोष वस्तु केवळ आवडली नाहीं म्हणून परत करण्याचा हक्क मात्र त्या तरतुदीनें मिळत नाहीं. ती दुकानदाराची खुषी, आणि त्यानें तसें वचन दिलें असल्यास त्याचें वचन.

कायदा जेथें थांबतो तेथून पुढें विवेकाचें काम आहे. आमोस संदेष्ट्यानें गव्हाबरोबर भूस विकणाऱ्यांस धारेवर धरिलें. आणि माल घेतांना नांवें ठेवणारा व घेऊन गेल्यावर फुशारकी मारणारा गिऱ्हाईकही नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायांत दाखविला आहे. शास्त्र दोघांचाही हिशोब मागतें. ज्या बंधूंचें लहानसें दुकान आहे त्यांनीं फाटका माल निमूटपणें परत घ्यावा, आणि तोच माल पुढच्या आडाणी गिऱ्हाइकाच्या पदरीं बांधूं नये. ज्या भगिनी माल परत करावयास निघतात त्यांनीं उंबरा ओलांडण्यापूर्वीं स्वतःस एवढेंच विचारावें : ही वस्तु मीं वापरली आहे काय, आणि माझ्यामागून ती नवी म्हणून घेणाऱ्या बाईच्या जागीं मी असतें तर मला चाललें असतें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर स्वच्छ असेल, तर निःशंकपणें जावें व आपले पैसे मागून घ्यावे. तें स्वच्छ नसेल, तर वस्तु घरींच ठेवावी.